घोळमामा

रस्त्यानं चालताना बहुतेक माणसं समोर बघतात, हल्लीची काही मोबाइलमध्ये बघतात. आमचे पोखर्णीचे मामा पायाखाली बघतात. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, यांचं काहीतरी पडलंय. आजवर दोन-तीन सज्जनांनी 'काका, काय शोधताय? मदत करू का?' असं विचारलंही आहे. पुढचा पाऊण तास त्या सज्जनांची सुटका झालेली नाही, आणि झाली तेव्हा त्यांच्या हातात मुळासकट उपटलेलं काहीतरी होतं.

दोष सगळा मामांचा नाही, थोडा नोकरीचा आहे. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर पोखर्णी नृसिंह नावाचं स्टेशन लागतं. त्या भागात मामांनी कीमन म्हणून नोकरी काढली. कीमन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी घ्यायची आणि रोज आपल्या बीटवर रुळाच्या कडेनं चालत राहायचं. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी चावी कुठं ढिली झालीय का बघायचं, दिसली की ठोकायची. जाताना एक रूळ, येताना दुसरा. या नोकरीत वर बघायचा पगार मिळत नाही. रुळाच्या कडेला खडी, खडीच्या कडेला काळी माती, आणि मृगाचे दोन पाऊस पडले की त्या मातीत कोण कोण उगवतं याचा हजेरीपट मामांच्या डोक्यात आपोआप तयार झाला. तांदुळजा, कुंजर, केना, पाथरी, तरोटा, आंबुशी, चिवळ. आणि या सगळ्यांत लाडकी म्हणजे घोळ.

घोळमामा हे नाव मामीनं ठेवलं असा आमचा संशय आहे. मामी म्हणते गावानं ठेवलं. गाव म्हणतं, ते तर लग्नाच्या आधीपासूनच होतं.

मामांची भेट एका प्रश्नानं सुरू होते. नमस्कार, प्रकृती, पोरांची शाळा हे सगळं नंतर. आधी ते वाकतात, खालून काहीतरी खुडतात, आपल्या नाकासमोर धरतात आणि विचारतात, "हे काय हाय?"

या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. 'माहीत नाही' म्हटलं तर मामांचा चेहरा पडतो. 'पालक' म्हटलं तर ते मामीकडे बघून डोकं हलवतात. आणि 'गवत' म्हटलं तर संपलंच. "गवत? तुला मी माणूस म्हणून हाक मारलं तर चालंल का? ए माणसा, इकडं ये. चालंल? त्याला नाव हाय की न्हाई?"

मग सुरू होतो पाठ. मामा घोळ शिकवतात तेव्हा क्रम ठरलेला असतो आणि मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही. आधी झाड कसं बसलंय ते बघायचं. घोळ उभी राहत नाही, जमिनीवर चारी बाजूंना हातपाय पसरून बसते. मग देठ बघायचा, तो लालसर, गुळगुळीत आणि रसानं टम्म. मग पान. जाड, टोकाला गोल, देठाकडं निमुळतं होत गेलेलं. मग फूल, पिवळं, बारकं, सकाळच्या उन्हात उघडणारं आणि दुपारी मिटून घेणारं. "दुपारी आलास तर फूल दिसणार न्हाई. तिची चूक न्हाई, तुझी हाय." शेवटी बोंड. पिकल्या बोंडाला चक्क टोपण असतं, नखानं उचललं की आत खसखशीहून बारीक काळं बी. हे टोपण उघडून दाखवताना मामा चष्मा कपाळावर घेतात आणि दोन सेकंद श्वास रोखतात, कारण फुंकर लागली की बी गेलं. एकदा एका भाच्याला नेमकी तेव्हाच शिंक आली. त्याला अजून पोखर्णीला जायचं म्हटलं की काम निघतं.

यानंतर येते खरी परीक्षा. "मोड."

आपण देठ मोडायचा. आतून पाणी आलं तर घोळ. पांढरं दूध आलं तर ती दुधी, ताबडतोब फेकायची, हात धुवायचा आणि हात धुवेपर्यंत डोळे चोळायचे नाहीत. जमिनीलगत पसरणारी बारकी दुधी घोळीच्या मांडीला मांडी लावून वाढते, तिचाही देठ लाल असतो, आणि नवशिक्याची फसगत तिथंच होते. दुसरा फसवणारा खापरा. तोही पसरट, तोही मांसल. पण खापऱ्याच्या जोडीतली दोन पानं कधी सारखी नसतात, एक थोरलं आणि एक धाकटं. हे सांगून झालं की मामा आपल्याकडे आणि आपल्या धाकट्या भावाकडे आळीपाळीनं बघतात. बोलत काही नाहीत.

मोडून बघितल्याशिवाय मामा कुणालाही पास करत नाहीत, स्वतःलासुद्धा. घोळ ओळखत त्यांची उभी हयात गेली, तरी प्रत्येक जुडीतली पहिली काडी ते मोडून बघतात. एकदा मी म्हटलं, "मामा, तुम्हाला अजून शंका येते?" तर म्हणाले, "रूळ रोज तोच असतोय. म्हणून बघायचं सोडतेत का?"

तुमच्याकडेही असा एखादा असेलच. डोंगरावर सहलीला गेलं की शिखराकडे पाठ करून झुडपात बसणारा. लग्नात पंगत सोडून मांडवाच्या मागे सापडणारा. परभणीत हल्ली लग्नं कार्यालयात कमी आणि 'लॉन्स'वर जास्त लागतात, आणि लॉन्स म्हटलं की मामांचे डोळे चमकतात. मावसभावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, सगळे स्टेजकडे तोंड करून उभे, आणि मामा हिरवळीच्या कडेला उकिडवे. मुठीत अक्षता तशाच. शेवटचं 'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मामांनीही टाकल्या, पण त्या पडल्या केन्यावर. फोटोग्राफरनं तो फोटो काढलाय. अल्बममध्ये तो नवरीच्या बापाच्या फोटोशेजारी आहे.

पुण्याला माझ्याकडे आले तेव्हाची गोष्ट तर सोसायटीत अजून निघते. आमच्या सोसायटीच्या मधोमध एक लॉन आहे. त्यावर चालायचं नाही, खेळायचं नाही, बसायचं नाही, अशा तीन पाट्या आहेत. मामा सकाळी फिरायला म्हणून खाली उतरले आणि तास झाला तरी वर आले नाहीत. गॅलरीतून बघतो तर मामा त्या लॉनवर उकिडवे बसलेले, पाटी त्यांच्या पाठीमागे, आणि भोवती सोसायटीतल्या दहा-बारा बायका. मधे माळी उभा, हातात खुरपं, चेहऱ्यावर गोंधळ. तो बिचारा रोजच्यासारखं तण उपटून तिथंच हिरवळीवर टाकत होता आणि मामांनी त्याला पकडलं होतं.

"तू हे उपटून इथंच ठेवतोस. मग ही मरते का?"

"वाळते की."

"वाळत न्हाई. उपटली तरी तिच्या अंगात पाणी असतंय. त्या पाण्यावर ती फूल धरते, बी पिकवते आणि मग मरते. एका झाडाला हजारो बी. तुकडा पडला तरी त्याला मुळ्या फुटतेत. तू सोसायटीचा पगार घेऊन घोळीची पेरणी करायलास."

बायकांना हे फारच आवडलं. प्रश्नोत्तरं झाली, मोडून बघणं झालं, एकीच्या हातात दुधी निघाली तेव्हा तिला नळाकडे पळवण्यात आलं. यात ओमेगा थ्री असतं का, असं कुणी विचारलं. मामांनी तोवर ते नाव ऐकलं नव्हतं, पण "सगळं असतंय" असं उत्तर दिलं, आणि नशीब असं की ते खरं होतं. हिरव्या पालेभाज्यांत ते घोळीत भरपूर सापडतं. मग बायका कामाला लागल्या. कुणी ओढणीत, कुणी दुधाच्या रिकाम्या पिशवीत, अशी अर्ध्या तासात लॉनची जी साफसफाई झाली तशी माळ्यानं वर्षभरात केली नव्हती. सेक्रेटरी खाली आले ते भांडायलाच, पण तण गेलेलं बघून त्यांना भांडणाचा मुद्दा सापडेना. तरी त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. मामा म्हणाले, "चालायचं न्हाई असं लिवलंय. मी चाललो कुठं? मी बसलोय." मग बसायचं नाही ही पाटीही दाखवण्यात आली. त्यावर मामांनी वर्ध्याचे गांधीजी काढले. मगनवाडीत गांधीजींनी आपोआप उगवणारा पाला आणून खायचे प्रयोग केले आणि १९३५ साली 'हरिजन'मध्ये हिरव्या पाल्यावर लेख लिहिला, हे मामांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण वादात अडचण आली की गांधीजी येतात. सेक्रेटरी गप्प.

सगळं झाल्यावर, बायका पिशव्या भरून लिफ्टपाशी पोचल्यावर, मामांनी माळ्याला सहज विचारलं, "औषध-बिवषध मारतोस का रे इथं?"

"मारतो की. मागच्याच आठवड्यात मारलं."

त्या दिवशी बारा घरांची घोळ सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात गेली. 'औषध मारलेली, रस्त्याकडंची आणि गटाराकाठची, ही खायची न्हाई' हा नियम मामांचाच आहे आणि ते तो एरवी सगळ्यात आधी सांगतात. इतका मोठा वर्ग समोर बसलेला बघून त्यांचा क्रम चुकला असावा. पण गंमत अशी की सोसायटीत मामांची पत त्यामुळे घसरली नाही, वाढली. "काकांनी वेळेवर विचारलं म्हणून बरं," असं आता सांगितलं जातं.

मोबाइल आल्यापासून मामांचं बीट वाढलंय. नातेवाइकांतले निम्मे लोक त्यांना फोटो पाठवतात. फोटोवर मामांचा विश्वास नाही, त्यामुळे उत्तर एकच येतं, तेही आवाजी: "मोडून दाव." माझी मामेबहीण न्यू जर्सीत आहे. तिच्या घरामागच्या हिरवळीत आणि गाडी लावायच्या सिमेंटच्या भेगांत जुलैमध्ये घोळ निघाली. निघणारच. ती अमेरिकेत गल्लोगल्ली उगवते आणि लोक तिच्यावर विळे-कोयते नाही तर फवारे घेऊन जातात. तिनं व्हिडिओ कॉल लावला. इकडे पोखर्णीत रात्रीचे नऊ वाजून गेलेले, मामा ओट्यावर, मोबाइल लिंबाच्या झाडाला टेकवलेला. पहिली काडी मोडली, दूध. "फेक! हात धू! डोळ्याला लावू नगंस!" असे ओरडले की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. दुसरी काडी, पाणी. मामा हजारो कोसांवरून विजयी झाले.

त्या कॉलमध्ये बहिणीची शेजारीण डोकावली. ती मूळची मेक्सिकोची. तिनं ती जुडी बघून आनंदानं हाक मारल्यासारखं काहीतरी म्हटलं. बहिणीनं सांगितलं, यांच्याकडे हिला वेर्दोलागास म्हणतात, बाजारात जुड्या मिळतात. मामांचा ऊर भरून आला. म्हणाले, "विचार तिला, कशात करतेत? डाळीत का ताकात?" विचारलं. उत्तर आलं, डुकराच्या मटणात, हिरव्या चटणीच्या रश्शात. आमचे मामा माळकरी. क्षणभर काही बोलले नाहीत. मामी पाठीमागून म्हणाली, "आता सांगा की, सगळं असतंय म्हणून."

आता मामीबद्दल. इतका वेळ तिला मागे ठेवलं, कारण या घरात तसंच चालतं. मामा ओळखतात, शोधतात, खुडतात, शिकवतात आणि टोपली ओट्यावर ठेवून निघून जातात. पुढे काय होतं हे त्यांना ताटात दिसतं. घोळ जमिनीला चिकटून वाढते, त्यामुळे पानापानाच्या बेचक्यात माती असते, आणि परभणीची काळी माती सहजी सुटणारी नव्हे. निवडायला बसलं की तास जातो. मामी म्हणते, "ओळखायला काय लागतंय? बसून निवडा एकदा."

मामीच्या हातची घोळ तीन प्रकारची. मुगाची नाहीतर तुरीची डाळ घालून, वर करडईच्या तेलात लसणाची चरचरीत फोडणी. ताकातली, डाळीचं पीठ लावून पातळ. आणि परतून, शेवटी ज्वारीचं पीठ भुरभुरून. सोबत ज्वारीची भाकरी. परभणीच्या माणसाला ज्वारीची महती सांगायची सोय नाही. इथल्या कृषी विद्यापीठाच्या वाणाचं नावच 'परभणी मोती' आहे, आणि 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' हे आमच्याकडे पाहुणा दारात आला की चहाच्या आधी ऐकवलं जातं. पाथरीला मात्र मामी शिजवत नाही. तिचा घोळाणा. पानं बारीक चिरायची, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ, कच्चं तेल, आणि हातानं कालवायचं. चमच्यानं कालवलेला घोळाणा मामीला ओळखता येतो, त्याला मोडून बघावं लागत नाही.

मामीला घोळ माहीत झाली ती मामांकडून नव्हे. तिच्या आईकडून, खुरपणीच्या पातीत. पूर्वी बायका खुरपायला जायच्या, तण काढायच्या आणि काढता काढता खायचं तेवढं पदरात टाकायच्या. घरी आल्यावर पदर सोडला की रात्रीची भाजी. शेत निंदून व्हायचं आणि कालवणही व्हायचं, दोन्ही एका खुरप्यात. आता कापसात, सोयाबीनमध्ये तणनाशक मारतात. खुरपणीला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, हे शेतकऱ्याचं म्हणणंही खोटं नाही. मामांचा थोरला मुलगा शेती बघतो, तोही फवारतो. बापलेकांत या विषयावर बोलणं होत नाही. मामांनी फक्त बांधाकडेची एक पट्टी मागून घेतलीय, तिथं पंप न्यायचा नाही. त्या पट्टीत काही पेरलेलं नाही. सातबाऱ्यावर तिला काय लावायचं हे तलाठ्यालाही सुचलेलं नाही.

दुष्काळाचं मामा फार बोलत नाहीत. बोलले तर एकच वाक्य: "ज्या साली परभणीला विद्यापीठ आलं त्याच साली पाऊस गेला." १९७२. मे महिन्यात विद्यापीठ झालं आणि त्यानंतरच्या पावसाळ्यानं दगा दिला. मामा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. दुष्काळी कामावर आई खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची, आणि मिलोच्या भाकरीबरोबर खायला जे काही जमिनीत हिरवं दिसेल ते. मामी सांगते की लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तिनं एकदा घोळीला 'गरिबाची भाजी' म्हटलं होतं. मामा जेवता जेवता उठले नाहीत, भांडले नाहीत, फक्त म्हणाले, "हिला गरीब म्हणू नगंस. सगळ्या भाज्या गेल्या तेव्हा ही आली होती." मामी हे सांगताना मामांची नक्कल करते, आवाज जाड करून. आम्ही हसतो. मामाही हसतात, आणि लगेच म्हणतात, "पण खरंच आली होती."

मावशी गेली तेव्हाचा प्रसंग सांगावा की नाही, हा प्रश्न आहे, पण तिनं स्वतः सांगितला असता म्हणून सांगतो. दहावा गंगाखेडला गोदावरीच्या काठी. पिंड ठेवले, सगळे मागे सरले, कावळे समोरच्या झाडावर बसलेले आणि एकही खाली येईना. हात जोडून झाले, 'पोरांकडं बघू', 'घराचं वाटप नीट करू', सगळी आश्वासनं देऊन झाली. ऊन चढायला लागलं. तेवढ्यात लक्षात आलं, मामा दिसत नाहीत. ते घाटाच्या पायऱ्यांपाशी ओणवे. दगडांच्या फटीतून चिवळ आलेली, घोळीची ती धाकटी, बारक्या पानांची बहीण. मामांनी एक काडी खुडली, मोडून बघितली (हो, तिथंही), आणि पिंडाशेजारी नेऊन ठेवली. म्हणाले, "अक्काला ताकातली आवडायची." दोन मिनिटांत कावळा शिवला. भाताला शिवला की चिवळीला, यावर आमच्या घराण्यात दोन पक्ष आहेत. गुरुजी तटस्थ आहेत.

ऑगस्टमध्ये, आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. बचत गटाच्या बायका टेबलावर भाज्या मांडतात, पुढे नावांचे पुठ्ठे असतात, शेजारी शिजवून डब्यात चवीला. मामांचा हा पोळा. इस्त्रीचा सदरा घालून जातात आणि प्रत्येक टेबलापुढे उभं राहून, स्टॉलवाल्या बाईलाच विचारतात, "हे काय हाय?" एका वर्षी त्यांना जोडीदार भेटली. कृषी विद्यापीठात शिकणारी मुलगी. तिनं मामांच्या हातातली काडी बघून शांतपणे 'पोर्टुलाका ओलेरेशिया' म्हटलं आणि उलट मामांनाच विचारलं, "काका, सकाळी खुडलेली आणि संध्याकाळी खुडलेली, चवीत फरक असतो का?"

मामांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी असा प्रश्न विचारला होता. म्हणाले, "असतोय की. ताण पडलेला असला की सकाळची लय आंबट."

मग ती सांगायला लागली आणि मामा ऐकायला लागले, हे आम्ही लांबून बघितलं. पाण्याचा ताण पडला की घोळ दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेते, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात ती उघडते, हवा आत घेते आणि तिचं आम्ल करून साठवते. दिवसा, दारं बंद करून, त्याच साठ्यावर स्वयंपाक. म्हणून पहाटे पानात आंबटपणा जास्त, संध्याकाळपर्यंत तो खर्च झालेला. बाकी दिवस बरे असले की ती मका-ज्वारीसारखं दिवसाचंच काम करते. या दोन्ही पद्धती एकाच झाडात असणं फार दुर्मीळ आहे म्हणे. मामा बराच वेळ त्या काडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे उन्हाळ्यात रात्रपाळी करती ही. आम्ही पण करायचो."

त्या मुलीनं आणखी एक गोष्ट सांगितली, तीही मामांनी घेतली. हिच्यात ऑक्झलेट बरंच असतं, मुतखड्याचा त्रास असलेल्यानं जपून. त्या दिवसापासून मामांच्या पाठात एक धडा वाढला. शेजारचे सावकार, ज्यांना तीनदा खडा झालाय, त्यांना मामा घोळ लांबून दाखवतात. "बघा. हात लावू नगा." सावकारांना तसंही ती खायची नव्हती, पण आता मनाई झाल्यापासून त्यांना इच्छा व्हायला लागलीय.

गेल्या पावसाळ्यात मामी लेकीच्या बाळंतपणाला संभाजीनगरला गेली. महिनाभर मामा एकटे. सून डबा द्यायला तयार होती, पण मामांना वाटलं, एवढ्या भाज्या ओळखतो तर एक करता येणार नाही का? बांधाकडेच्या पट्टीतून टोपलीभर घोळ आणली. पहिली काडी मोडून बघितली. परातीत पाणी घेतलं, घोळ त्यात बुडवली, खळबळून पाणी ओतून दिलं. डाळ शिजवली, फोडणी दिली, ती बरी जमली. पहिला घास तोंडात घातला आणि दाताखाली कर्र वाजलं. दुसऱ्या घासालाही. तिसऱ्या घासाला त्यांनी फोन लावला. हे आम्हाला मामीच्या तोंडून कळलं, तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता आणि बाळंतिणीसकट सगळी खोली ऐकत होती.

"अगं, ती माती कशी काढती तू?"

मामीनं लगेच उत्तर दिलं नाही. आधी उशी पाठीशी घेतली, पाय लांब केले.

"आधी तुम्ही सांगा. धुतली कशात?"

"परातीत."

"कामून?"

"कामून म्हणजे? मोठी असती परात. पसरट."

"पसरटात माती खाली बसती का? पाणी ओतताना घोळ आत राहिली का भाईर काढली आधी?"

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

"आत," मामा म्हणाले.

"चूक," मामी म्हणाली. "आता पातेलं घ्या. खोल. मी सांगते तसं करा, मधी बोलू नगा."